सहा दिवस, सात मात्रा आणि उसना बास

पत्र

दादा, मी परभणीचा, वय २१, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं झाले गिटार वाजवतो, बास गिटार कधी हातात धरला नव्हता. येत्या रविवारी आमच्या बँडचा छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजात कार्यक्रम आहे आणि आमचा बासवाला गाडीवरून पडला, डावा हात प्लास्टरमध्ये. दुसरा गिटारवाला आहेच म्हणून सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातलं की बास तूच वाजव. बाकी गाणी सोपी आहेत पण एक पिंक फ्लॉइडचं 'मनी' आहे. बास उसना आणलाय. दिवसभर वडलांच्या कृषी सेवा केंद्रात बसावं लागतं, रात्री नऊनंतर वेळ मिळतो, त्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. रिफ, म्हणजे ती परत परत येणारी बासची ओळ, एकट्याने वाजवला की येतो, गाण्यासोबत वाजवायला गेलो की तिसऱ्या-चौथ्या फेरीत 'एक' कुठंय तेच कळंना. नेटवरच्या टॅब (कुठल्या तारेवर कुठं बोट ठेवायचं ते लिहिलेलं) प्रत्येक जागी वेगळ्या. बोटं सोलून निघाली. पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवलं तर चालंल का? लाईन सोपी करू का? का सरळ नाही म्हणून सांगू? आमचा बासवाला ऐकायला येणार म्हणतोय, त्याचं अजूनच टेन्शन. आजोबा भजनात पखवाज वाजवतात, ते म्हणायलेत माझ्याकडं ये, ताल कळंल. मला काही सुचेना.
— उसन्या बासवाला, परभणी

उत्तर

मित्रा, नाही म्हणू नको, निदान गुरुवारपर्यंत तरी नको. गुरुवार का ते पुढं सांगतो.

तुझं पत्र वाचून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, तुझी अडचण बोटांची नाहीच. तू स्वतःच लिहिलंयस की एकट्याने वाजवला की रिफ येतो. म्हणजे बोटांना जागा कळल्यात. गाण्यासोबत गेलं की हरवतोस, म्हणजे मोजणी अजून अंगात उतरलेली नाही. आणि तू काय करायलास तर रोज रात्री नऊनंतर बास घेऊन बोटं घासायलास, जे आधीच येतं तेच परत परत, आणि जे येत नाही त्याला हातच लावत नाहीस. तीन वर्षं गिटार वाजवलीस, त्यातली जवळजवळ सगळी गाणी चार मात्रांची असणार आणि 'मनी' सात मात्रांचं आहे, त्यामुळं सातवी मात्रा संपली की तुझं अंग आपोआप आठवी शोधतं. ती तिथं नसते. मग तू एक मात्रा उशिरा येतोस, पुढच्या फेरीला अजून एक, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत तू कुठं आणि गाणं कुठं. तू लिहिलंस तसंच होतंय ना? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोन दिवस ही लाईन तोंडात आणि टाळीत बसव, बास भिंतीला टेकवून ठेव. सहाच दिवस असताना दोन दिवस वाद्याला हात लावायचा नाही हे ऐकून तुला धडकी भरंल, पण वेळ कमी आहे म्हणूनच सांगायलोय.

आता गाण्याचं बघू. 'मनी' १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' अल्बममधलं, लिहिलेलं रॉजर वॉटर्सचं, जो त्या बँडचा बासवालाच होता. बी मायनरमध्ये आहे. कडवी सातची, सॅक्सोफोनचा सोलोही सातचा, मग गिटारचा सोलो येतो तिथं गाणं चारमध्ये जातं, सोलो संपला की पुढच्या कडव्याला परत सात, आणि शेवट पुन्हा चारमध्ये. म्हणजे सात-चार-सात-चार असे तीन सांधे झाले, आणि या गाण्यात बँड पडतो तो या सांध्यांवर पडतो, रिफवर नाही. रिफ सगळे घासतात, सांधे कुणी घासत नाही. हे लिहून ठेव.

अजून एक, सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची मशीन असे आवाज येतात ना, ते उगीच टाकलेले नाहीत, तो सात आवाजांचा लूप आहे, एका मात्रेला एक. म्हणजे बास यायच्या आधीपासून गाणं तुला सात मोजून द्यायलंय. इअरफोन लावून फक्त तेवढा तुकडा ऐक आणि प्रत्येक आवाजाला एक-दोन-तीन करत सातपर्यंत मोज. दुकानात बसून होतंय हे, गिऱ्हाईक नसताना.

आणि इथंच मला तुझ्या आजोबांचं बोलणं सगळ्यात जास्त पटलं. जा त्यांच्याकडं, आजच जा. तुला वाटत असंल की भजनाचा आणि पिंक फ्लॉइडचा काय संबंध, पण सात मात्रा आपल्याकडं काही नवीन नाहीत. पखवाजावर तीव्रा ताल आहे, सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असे भाग, टाळी पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. आता 'मनी'ची लाईन घे आणि त्याच्यावर ठेवून बघ. बी ला सा धरला तर लाईन अशी होते: पहिल्या मात्रेला सा, दुसऱ्या मात्रेत दोन स्वर, वरचा सा आणि मधला प, तिसऱ्या मात्रेला परत सा. हे झाले पहिले तीन. चौथ्याला खालचा प, पाचव्याला खालचा कोमल नि, हे दोन. सहाव्याला सा, सातव्याला कोमल ग, हे शेवटचे दोन. तीन-दोन-दोन! टाळी देऊन गाऊन बघ, चौथ्या मात्रेवर खालचा प येतो आणि तिथून लाईन पायऱ्या चढल्यासारखी वर वर येते, प, नि, सा, ग, आणि ग झाला की पुढं थांबायला जागाच नाही, लगेच सा. हे 'लगेच' ज्या दिवशी अंगात बसंल त्या दिवशी आठवी मात्रा शोधायचं बंद होईल.

रूपकसुद्धा सातचाच आहे, तबला शिकलेल्या कुणा मित्राला विचारलंस तर तो म्हणंल रूपक धर. पण रूपकात पहिली मात्रा म्हणजे सम हीच 'खाली' असते, तिच्यावर टाळी नाही, आणि या गाण्यात तर पहिल्या मात्रेवर पाय आपटायचाय. म्हणून तीव्राच बरा. आणि आजोबांकडून फक्त टाळ्या घे, बोल नको घेऊ, कारण तीव्र्यात जोडबोल चौथ्या मात्रेपासून पुढं येतात, तिट कत गदि गन, आणि तुझ्या लाईनमध्ये जोड स्वर दुसऱ्या मात्रेत आहेत, दोन्ही एकत्र केलंस तर गोंधळ होईल. आजोबांना म्हणावं तुम्ही ठेका धरा, मी वर गातो. ते ठेका धरतील आणि तू सा-सांप-सा गात बसशील, अर्धा तास, न थांबता. मधे ते मुद्दाम एखादा तुकडा वाजवतील, तेव्हा तू हललास तर परत. मेट्रोनोम बिचारा टक टक करत राहतो, तू चुकलास तरी त्याला कळत नाही. पखवाज वाजवणारा माणूस तू चुकलास की तोंडाकडं बघतो. असला गुरू घरात असताना तू नेटवर टॅब शोधायलास, कमाल आहे.

एक बारीक गोष्ट. दुसऱ्या मात्रेतले ते दोन स्वर सारखे अर्धे अर्धे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, झुलतं वजन आहे. सरळ वाजवलास तर जागा बरोबर असूनही गाणं शाळेच्या कवायतीसारखं वाटंल. हे सांगून येत नाही, ऐकून ऐकून तोंडाने उचलावं लागतं, म्हणून पण म्हणतोय की आधी गा.

डोलायची सवय असंल तर एक युक्ती. डावीकडं-उजवीकडं डोललास तर सातमध्ये पहिल्या फेरीचा 'एक' डाव्या बाजूला येईल, दुसऱ्या फेरीचा उजव्या बाजूला, आणि तिसऱ्याचा परत डाव्या. ज्याला हे माहीत नसतं त्याला दुसऱ्या फेरीत वाटतं की मी चुकलो, आणि तो नसलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि तिथंच खरा चुकतो. तेव्हा दोन फेऱ्या मिळून एक चौदाचा फेरा धर, जास्त सोपं जाईल.

बुधवारी बास हातात घे. टॅब वेगवेगळ्या दिसायचं कारण म्हणजे तेच स्वर बासवर दोन-तीन जागी मिळतात, जो तो आपल्या सोयीने लिहितो. तू हे धर: ए तारेचा दुसरा पडदा, मग जी तारेचा चौथा, डी तारेचा चौथा, परत ए चा दुसरा, मग ई तारेचा दुसरा, ई चा पाचवा, ए चा दुसरा, ए चा पाचवा. बऱ्याच टॅबमध्ये ई च्या पाचव्याच्या जागी ए तार मोकळी सोडलेली दिसंल, स्वर तोच, चूक नाही, पण नवख्या माणसाची मोकळी तार मागं घुमत राहते आणि पुढचे स्वर चिखलात गेल्यासारखे होतात. दाबून वाजवलेला स्वर तुझ्या ताब्यात राहतो. शिवाय शेवटचे चार स्वर बघ, दुसरा-पाचवा, दुसरा-पाचवा, तर्जनी-करंगळी, तर्जनी-करंगळी, एका चौकटीत बसतात. गिटारवर मायनर पेंटाटॉनिकच्या (पाच स्वरांच्या सप्तकाच्या) ज्या चौकटी तू शिकला असशील त्यातलीच एक.

फक्त बास लांब आहे, गिटारची तार साधारण साडेपंचवीस इंचांची असते आणि बासची चौतीस, त्यामुळं दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत हात ताणून धरलास तर मनगट दुखंल. ताणू नको, हात सरकव. अंगठा मागं सैल ठेव.

कडव्यात गाणं नुसतं बी वर राहत नाही, एफ शार्पवर जातं, मग ई वर येतं आणि परत बी वर. ढाचा मायनर ब्लूजसारखा आहे. इथं एक फसगत होते, पोरं रिफची चौकट उचलून तशीच एफ शार्पवर न्यायला जातात, ई तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. पण तिथं रिफला खालचा प म्हणजे खालचा सी शार्प लागतो आणि चार तारांच्या बासवर ई च्या खाली काही नाहीच. म्हणून ही जागा कानाने ऐकून वेगळी शिकावी लागते. तुला सहा दिवसांत ती हुबेहूब नाही जमली तर मूळ स्वर धरून ठेव, एफ शार्पवर एफ शार्प, ई वर ई, वजनात, ड्रमरच्या किकसोबत (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). तिथं सगळ्यांचं लक्ष गायकाकडं असतंय.

यावरून तुझ्या 'सोपी करू का' या प्रश्नावर येतो. कर, पण कुठं करायची ते बघून. सुरुवातीला बास एकटा येतो, बाकी सगळे गप्प, आणि ज्याने हे गाणं आयुष्यात एकदा जरी ऐकलंय त्याला ती लाईन पाठ असते. तिथं एक स्वरसुद्धा गाळायचा नाही, वरचा सा नाही, मधला प नाही, काहीच नाही. बी वरच्या कडव्यात पण नाही. एफ शार्प-ई च्या जागी सोपं केलंस तर चालतंय. गिटारच्या सोलोत तर बिनधास्त सोपं कर, चारमध्ये आहे, मूळ स्वर आठ-आठ सरळ दे आणि ड्रमरला चिकटून रहा, तिथं बासवाल्याने भिंत व्हायचं असतं, मिरवायचं नसतं. त्या सोलोचे तीन भाग आहेत, मधला भाग एकदम मोकळा आणि कोरडा होतो, तिथं सगळ्यांनी आवाज खाली आणायचा, तू पण, नाहीतर तिसरा भाग वर चढतच नाही.

सांधे मात्र चौघांनी मिळून बसवायचे. सात संपून चार सुरू होतं तिथं आणि चार संपून परत सात सुरू होतं तिथं. शेवटच्या चारसाठी पण तेच, ते सुटलं तर गाणं संपवायची जागाच सापडत नाही. ड्रमरला विचार, शेवटच्या फेरीत तू काय फिल (भरणीचा तुकडा) मारणार, आणि तो फिल ठरवूनच टाका, दर वेळी वेगळा नको. कोण मान हलवून इशारा करणार तेही ठरवा, माझं मत विचारशील तर ड्रमरने करावा, गायकाने नाही, गायक त्या वेळी लोकांकडं तोंड करून असतो. पूर्ण बँडची प्रॅक्टिस कमी झाली तरी चालंल पण तू आणि ड्रमर असे दोघंच एकदा बसाच, आणि पूर्ण गाणं वाजवू नका, सांध्याच्या आधीच्या दोन फेऱ्या आणि नंतरच्या दोन फेऱ्या, फक्त एवढंच फिरवत रहा. तोंड दुखेपर्यंत. मी नांदेड-लातूर भागात ऑर्केस्ट्रात बास वाजवलाय, गणपतीत आणि नवरात्रात ऐनवेळी गाणी यायची, गायक स्टेजवर चढता चढता पट्टी बदलून सांगायचा, आणि तिथले जुने जाणते बासवाले पूर्ण गाणं कधीच ऐकत बसायचे नाहीत. मुखडा कुठं संपतो, अंतरा कुठून उठतो, परत कसं यायचं एवढं विचारून घ्यायचे आणि निघाले. त्यांच्याकडून मी शिकलो ते हेच.

लयीचं पण बघ. बास एकटा सुरू करतो म्हणजे लय तुझ्या हातात. साधारण मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास धर, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक फेरी साडेतीन सेकंदांची. स्टेजवर छाती धडधडते तेव्हा माणूस हमखास पळतो, आणि तू पळालास की अख्खा बँड तुझ्या मागं पळंल. तुमच्याकडं नाण्यांचा तो लूप वाजवायची सोय नसंल तर ड्रमरने हायहॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर) सात मोजून द्यावेत आणि मग तू यावंस. मोकळ्या हवेत उडी मारू नको. आणि सगळ्यांना मान्य असंल तर गाणं ११० ला घ्या. सैल झुलत गेलेलं गाणं पळालेल्या गाण्यापेक्षा कानाला कधीही बरं लागतं.

ऐकायचं ते इअरफोनवर ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर नको. बासची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर असते, तुझ्या लाईनमधला खालचा प ४६ च्या आसपास, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ते निघतच नाही, तुला वरवरचे स्वर ऐकू येतात आणि तू जागा चुकीची समजतोस. युट्यूबवर वेग पाऊण करता येतो आणि पट्टी तीच राहते, ते वापर, पण फक्त जागा ओळखायला, वजन शिकायला पुन्हा पूर्ण वेगावर ऐक. आणि मोबाईलच्या ॲपमधून बास वाजवून ब्लूटूथ इअरफोनवर ऐकत असशील तर तेवढं बंद कर, आवाज उशिरा येतो, आधीच तुझं 'एक' हरवलंय त्यात हे कशाला.

लाईट गेली तर थांबायचं काही कारण नाही. बास विजेशिवाय पण वाजतो, फक्त बारीक. त्याचं टोक लाकडी कपाटाला किंवा दाराला टेकवून वाजव, लाकूड घुमतं आणि चांगलं ऐकू येतं. शेजारी पण उठत नाहीत, आई पण ओरडत नाही.

बोटांचं. सोलून निघाली म्हणतोस तर दोन दिवसांचा आराम तसाही मिळतोय, सोमवार-मंगळवार फक्त गायचंय. बुधवारपासून पण एका बैठकीला वीस मिनिटांच्या वर नको, मग उठायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं. रात्री एकदा आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी एकदा असं बस, मधे झोप पडली की हात पक्के होतात, रात्री न जमलेली जागा सकाळी आपोआप जमते हे तुझ्या गिटारवर पण झालं असंल. फोड आलाच तर फोडू नको.

पिकने वाजव की. बिनधास्त. बोटाने वाजवलं तरच खरा बासवाला असली काहीतरी समजूत पोरांमध्ये पसरलीय, मला लई राग येतो तिचा. वॉटर्स स्वतः बरेचदा पिकनेच वाजवायचा. उलट अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये बासवाला जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीवर काय काय वाजवून गेला. तुझा हात तीन वर्षं पिकवर बसलाय तर सहा दिवसांत तो मोडून दुसरा बनवायला जाऊ नको. जरा जाड पिक घे, आणि तळहाताची कड पुलाजवळ (तारा बासच्या अंगावर जिथं टेकतात तिथं) तारांवर हलकी टेकव म्हणजे स्वर आखूड आणि गोल येतील.

आता तुझा बासवाला मित्र. तो ऐकायला येणार म्हणून टेन्शन आलंय असं लिहिलंस, आणि मला वाटतं सहा दिवसांत तुला सगळ्यात जास्त मदत करू शकणारा माणूस तोच आहे. हात मोडलाय, कान नाही मोडले. ही लाईन त्याच्या अंगात आहे, तुमच्या ड्रमरची खोड त्याला माहीत आहे, गायक कुठं लवकर उचलतो ते माहीत आहे. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि सरळ म्हण की तुझी जागा धरायलोय, मला सांध्याच्या जागा समजावून सांग. प्रॅक्टिसला त्याला बोलव, खुर्ची टाकून बसव, आणि तू वाजवत असताना त्याला मोठ्याने मोजायला लाव. जुन्या प्रॅक्टिसचे व्हिडिओ त्याच्या मोबाईलमध्ये असतील ते माग. विचार कर ना, कार्यक्रम आठवड्यावर आणि आपण प्लास्टर घेऊन घरी, वर बँडमधलं कुणी विचारायला पण आलं नाही, त्याला काय वाटत असंल. तो परीक्षा घ्यायला येणार नाही. त्यालाही त्या गाण्यात कुठंतरी असायचंय.

आता गुरुवार. गुरुवारी रात्री ड्रमरसोबत सुरुवातीच्या आठ फेऱ्या न हरवता वाजवून बघ आणि तिन्ही सांधे तीनदा. सुरुवात जमली आणि सांध्यांवर थोडं डळमळलं तर वाजव रविवारी, शुक्रवार-शनिवारमध्ये ते घट्ट होईल. पण सुरुवातीच्या आठ फेऱ्याच होत नसतील तर त्याच रात्री ग्रुपवर स्पष्ट लिही की गाणं बदलू, आणि कुठलं घ्यायचं तेही सोबत लिही. शुक्रवार सकाळपासून दुसरं गाणं बसवायला वेळ मिळतो. शनिवारी रात्री सांगितलंस तर चौघंही अडकतात. म्हणून आजच बँडला सांगून ठेव की गुरुवारी नक्की काय ते कळवतो, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही.

जायच्या दिवसाचं थोडं. रेल्वेने जाणार असाल तर बास मांडीजवळ ठेव, उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत टाकू नको, ट्यूनिंग हलतं आणि उसन्या वाद्याची मान वाकली तर मालकाला काय सांगशील. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना असं जाताना इअरफोनवर गाणं लाव आणि मांडीवर तीन-दोन-दोन टाळ्या दे, बोटं वाचव. नव्या तारा आदल्या दिवशी चढवू नको, आहेत त्या कोरड्या फडक्याने पुसून घे. बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी लागते का ते ज्याचा आहे त्याला आत्ताच विचार, लागत असंल तर नवी टाक, आणि वाजवून झालं की केबल काढून ठेव, बऱ्याच बासमध्ये केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते. स्वतःची केबल ने, एक जास्तीची पण ने. साऊंडवाल्या भाऊंकडं डीआय बॉक्स (बास थेट साऊंड सिस्टीमला जोडायची डबी) आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, नीट आदराने, कारण रविवारी तुम्हाला मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या, तुमच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) बास ऐकू येणार का नाही हे त्यांच्याच हातात आहे. आणि नाहीच आला ऐकू तर ड्रमरच्या हायहॅटच्या बाजूला जाऊन उभा रहा, तिथून किक तरी दिसते.

स्टेजवर हरवलास तर? होऊ शकतं. तेव्हा अंदाजाने स्वर टाकत बसू नको, तारांवर हात ठेवून गप्प कर, ड्रमरच्या पायाकडं बघ, तोंडाने तीन-दोन-दोन धर आणि पुढच्या सा ला शिर. साडेतीन सेकंदांची फेरी आहे, लोकांना वाटंल मुद्दाम सोडली. चुकीच्या जागी ठोकत राहिलास तर मात्र गायक पण जातो.

बुधवारी रात्री ड्रमरसोबत बसशील तेव्हा मोबाईल थोडा लांब ठेवून रेकॉर्ड कर, नुसता सात ते चारचा सांधा, एक-दोन मिनिटांचा, आणि इथं पाठव. मी गुरुवारी सकाळी ऐकून सांगतो कुठं सुटतंय.